एकच ठेवायची तर कुठली?

पडद्यावरचा मिस्टर बीन पोपटी रंगाची मिनी चालवायचा. तो रंगवणारा रोवन अ‍ॅटकिन्सन खऱ्या आयुष्यात मॅक्लारेन एफ१ चालवायचा. (हा माणूस शिक्षणाने इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे, ऑक्सफर्डचा मास्टर्सवाला. म्हणजे आपल्यातलाच एक वेळेवर निसटलेला! :) ) एफ१ काय चीज आहे ते थोडक्यात सांगतो. सगळ्या मिळून फक्त १०६ बनल्या. ड्रायव्हर मधोमध बसतो आणि दोन प्रवासी त्याच्या दोन बाजूंना, जरासे मागे. इंजिन बीएमडब्ल्यूचं, बारा सिलिंडरचं. त्याची धग परतवायला इंजिनाच्या कप्प्याला आतून चक्क सोन्याचा वर्ख लावलेला. १९९८ साली या गाडीने ताशी ३८६ किमीचा वेग गाठून दाखवला होता.

अ‍ॅटकिन्सनने ती १९९७ मध्ये नवी घेतली आणि कापडाखाली झाकून न ठेवता चालवली. २०११ मध्ये ती रस्त्यावरून घसरली, झाडावर आदळली आणि पेटली. दुरुस्तीचं बिल साधारण नऊ लाख दहा हजार पौंड झालं, ते विमा कंपनीने भरलं, गाडी पुन्हा रस्त्यावर आली. २०१५ मध्ये मात्र त्याने ती विकून टाकली. बातम्यांत आकडा आला होता ८० लाख पौंडांचा. रनिंग होतं ४१ हजार मैल.

आता जरा भागाकार करू. १८ वर्षांत ४१ हजार मैल, म्हणजे दिवसाला दहा किलोमीटर. आपल्या कोथरूड-हिंजवडी वाल्याची अ‍ॅक्टिव्हा याहून जास्त फिरते राव! आणि लक्षात घ्या, हा माणूस 'एफ१ भरपूर चालवणारा' म्हणून प्रसिद्ध होता. बाकीच्यांचं काय असेल ते तुम्हीच ताडा.

दुसरं उदाहरण याहून गमतीशीर आहे. रुडोल्फ उहलेनहाउट हा मर्सिडीजचा इंजिनिअर. त्याने १९५५ च्या सुमारास ३०० एसएलआर या शर्यतीच्या गाडीवर बंद छपराच्या दोन गाड्या बनवून घेतल्या. त्याच वर्षी ल मान्सच्या शर्यतीत भयानक अपघात झाला, ऐंशीच्या वर प्रेक्षक मेले, आणि हंगाम संपल्यावर मर्सिडीज शर्यतींतून बाहेर पडली. त्या दोन गाड्या शर्यतीत कधी उतरल्याच नाहीत. मग साहेबांनी काय करावं? कंपनीची गाडी म्हणून वापरायला घेतली. म्हणजे त्या काळच्या जगातली बहुधा सगळ्यात वेगवान रस्त्यावरची गाडी घेऊन हा माणूस कामावर जायचा. त्याच दोन गाड्यांपैकी एक मे २०२२ मध्ये स्टुटगार्टच्या संग्रहालयात लिलावात विकली गेली, साडेतेरा कोटी युरोंना. आता ती घेऊन कुणी ऑफिसला जाणार आहे का? सिग्नलला शेजारी रिक्षा येऊन थांबली तरी हार्ट अ‍ॅटॅक यायचा.

हे सगळं पाल्हाळ अशासाठी की 'जन्मभरासाठी एकच स्पोर्ट्स कार ठेवायची आणि तिची मजा घ्यायची, तर कुठली?' हा प्रश्न वीकांताच्या गप्पांत हमखास निघतो, आणि उत्तरं नेहमी फेरारी, पोर्शा, मॅक्लारेन अशी येतात. पण या प्रश्नात क्रियापदं दोन आहेत. ठेवायची, आणि मजा घ्यायची. गाडी जितकी दुर्मिळ तितकी ही दोन क्रियापदं एकमेकांच्या उरावर बसतात. ठेवायची म्हटलं की चालवता येत नाही, चालवली की ठेवणं परवडत नाही.

या प्रश्नाचं उत्तर एका माणसाने पार १९६६ मध्येच देऊन ठेवलंय. तो कुणी संग्राहक नव्हता की सिनेनट नव्हता. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर शाळेत विज्ञान शिकवणारा मास्तर होता. नाव अर्व गॉर्डन.

१९६६ मध्ये अमेरिकेत स्पोर्ट्स कार घ्यायची तर बाजारात काय होतं? जॅग्वारची ई-टाइप, १९६१ साली जिनिव्हात दाखवली तेव्हापासून सगळं जग जिच्यावर फिदा होतं ती. पोर्शाची ९११, नुकतीच आलेली. या दोन्ही मास्तरांच्या पगाराच्या बाहेरच्या. मग एमजीबी, ट्रायम्फ स्पिटफायर वगैरे स्वस्तातल्या इंग्लिश उघड्या गाड्या. गॉर्डनकडे त्याआधी कॉर्व्हेर होती, शेव्हरोलेची मागे इंजिन असलेली गाडी. एक नाही, लागोपाठ दोन. दोन्हींनी त्याला वैताग दिला. (याच कॉर्व्हेरवर राल्फ नेडरने १९६५ मध्ये पुस्तकातून तोफ डागली होती आणि अमेरिकेत वाहनसुरक्षेच्या कायद्यांची चर्चा पेटली होती. त्या पुस्तकावर एक वेगळा लेख होईल, असो.) रोजचं जाणं-येणं मिळून १२५ मैलांचं, म्हणजे २०० किमीचं. त्याला बंद न पडणारी गाडी हवी होती.

१९६६ च्या उन्हाळ्यात तो एका व्हॉल्वोच्या दुकानात गेला, लाल रंगाची १८०० एस चालवून बघितली आणि घेऊन टाकली. किंमत ४,१५० डॉलर, म्हणजे त्याचा जवळजवळ वर्षाचा पगार. गाडी घेतली शुक्रवारी. सोमवारी हा पठ्ठ्या पहिल्या सर्व्हिसिंगला परत हजर! दोन-तीन दिवसांत १५०० मैल झाले होते. मुंबई-नागपूर अंतर तीनदा कापल्यासारखं. घरीच जावंसं वाटेना म्हणे.

आता जरा या गाडीचा जन्म बघू, कारण तो भलताच रंगतदार आहे. व्हॉल्वो म्हणजे स्वीडनची सरळमार्गी, मजबूत, जराशी कंटाळवाणी गाडी, ही प्रतिमा तेव्हाही होती. १९५० च्या दशकात त्यांनी एक उघडी स्पोर्ट्स कार करून पाहिली, पी१९००, फायबरग्लासची. गुन्नार एंगेलाउ नावाचे नवे साहेब १९५६ मध्ये कंपनीचे प्रमुख झाले. त्यांनी ती गाडी स्वतः लांब फिरवून आणली आणि परत आल्यावर उत्पादनच बंद करून टाकलं. ६७ गाड्यांवर विषय संपला. मला हा प्रसंग फार आवडतो. किती प्रॉडक्ट असे असतील जे वरच्या साहेबाने एक वीकांत स्वतः वापरले असते तर जगावर आदळलेच नसते!

तरी कंपनीला अमेरिकेत गिऱ्हाईक खेचायला शोरूममध्ये एक देखणी गाडी हवीच होती. हे काम हेल्मर पेटरसन नावाच्या सल्लागाराकडे आलं. एंगेलाउ साहेबांची अट अशी की डिझाइन इटालियन पाहिजे. इटलीत तूरिनला पिएत्रो फ्रुआच्या स्टुडिओत हेल्मरचा पंचविशीतला मुलगा पेल्ले काम करत होता. साहेबांपुढे इटलीहून आलेली रेखाटनं ठेवली गेली, त्यांत पेल्लेचंही एक गुपचूप सरकवलेलं. साहेबांनी नेमकं तेच उचललं! पुढे कळलं की हे 'इटालियन' डिझाइन आपल्याच स्वीडिश पोराचं आहे, तेव्हा ते जाम भडकले. पुढची कित्येक वर्षं ही गाडी फ्रुआची म्हणूनच ओळखली गेली. पेल्लेला त्याचं श्रेय फार उशिरा मिळालं. तोवर त्याने शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत ऑलिम्पिकची दोन पदकं आणली होती, १९६४ ला कांस्य आणि १९७२ ला रौप्य. त्याचं काही अडलं नाही म्हणायचं.

मग बनवायची कुठे हा प्रश्न. व्हॉल्वोच्या स्वतःच्या कारखान्यात जागा नव्हती. जर्मनीच्या कारमानला विचारलं, तर कारमानचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक फोक्सवॅगन, त्यांनी डोळे वटारले. कारमान गळालं. शेवटी सांगाडे स्कॉटलंडमध्ये प्रेस्ड स्टील कंपनी बनवणार, जुळणी इंग्लंडमध्ये जेन्सन करणार, आणि इंजिन-गिअरबॉक्स स्वीडनहून येणार, असा तीन ठिकाणी पसरलेला कारभार ठरला. ज्यांनी तीन व्हेंडरमध्ये विभागलेला प्रोजेक्ट केलाय त्यांना पुढे काय झालं हे सांगायला नको. :) दर्जाच्या इतक्या तक्रारी आल्या की दहा हजार गाड्यांचा करार असताना सहा हजारांवरच तो आवरता घेऊन व्हॉल्वोने १९६३ मध्ये जुळणी स्वीडनला, गोथेनबर्गला नेली. तेव्हापासून नावात 'एस' आला. एस म्हणजे स्वेरिये, अर्थात स्वीडन. गॉर्डनची गाडी ही त्या नंतरच्या, घरच्या कारखान्यातल्या पिढीची. हा त्याच्या नशिबाचा भाग समजा.

गाडी गाजली ती मात्र टीव्हीमुळे. १९६२ पासून इंग्लंडमध्ये 'द सेंट' ही मालिका लागायची, नायक रॉजर मूर. हो, पुढे बाँड झाला तोच. निर्मात्यांनी आधी जॅग्वारकडे गाडी मागितली होती, जॅग्वारने नाही म्हटलं. व्हॉल्वोने पांढरी पी१८०० लगेच पाठवून दिली. जॅग्वारच्या जाहिरात खात्यात त्या दिवशी कोण बसलं होतं देव जाणे.

आता मुद्द्याचं, म्हणजे बॉनेटखालचं. इतक्या देखण्या गाडीत इंजिन काय, तर व्हॉल्वोच्या साध्या फॅमिली गाडीतलं. बी१८ हे १७७८ सीसीचं, चार सिलिंडरचं, बिडाचं, पुशरॉडवालं इंजिन. तेच अ‍ॅमेझॉन या चार दरवाजांच्या गाडीत, तेच लष्कराच्या लाप्लँडर जीपमध्ये, तेच होड्यांत. स्पोर्ट्स कारमध्ये दोन कार्ब्युरेटर लावून ताकद शंभराच्या थोडी वर नेलेली, १९६६ ला ११५ अश्वशक्ती. कागदावर बघितलं तर ई-टाइपच्या निम्मीसुद्धा नाही.

पण या इंजिनाच्या क्रँकशाफ्टला पाच मेन बेअरिंग आहेत. ज्यांनी मेकॅनिकल केलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. चार पिस्टन वरखाली होतात, त्यांचं वरखाली होणं फिरण्यात बदलतो तो क्रँकशाफ्ट. प्रत्येक स्फोटाचा धक्का तो खातो आणि केसभर का होईना वाकतो. त्याला तीनच ठिकाणी आधार दिला तर दोन-दोन सिलिंडरांचा भार मधल्या मोकळ्या जागेत पडतो. पाच ठिकाणी दिला तर प्रत्येक सिलिंडरच्या दोन्ही बाजूंना टेकू. इंजिन थोडं जड होतं, घर्षण थोडं वाढतं, कारखान्याचा खर्च वाढतो, आणि शोरूममध्ये याचं कुणाला कौतुक नसतं. स्पिटफायरला तीनच बेअरिंग होती. एमजीबीलाही आधी तीन, १९६४ नंतर पाच. व्हॉल्वोने बी१८ जन्मतःच पाचांचं काढलं, ते काही स्पोर्ट्स कारसाठी नाही. स्वीडनच्या थंडीत रोज सकाळी कुरकुर न करता सुरू होऊन लाकूडतोड्याला कामावर नेणाऱ्या गाडीसाठी.

माझ्या मते सगळी गोम इथेच आहे. एफ१ चं बारा सिलिंडरचं इंजिन शंभर गाड्यांपुरतं. त्याला हात लावणारे जाणकार जगात बोटावर मोजण्याइतके. बी१८ चा सुटा भाग लाखो घरगुती गाड्यांचा सुटा भाग. गल्लीतला मेकॅनिकसुद्धा ते डोळे मिटून उघडेल. स्पोर्ट्स कार म्हणून एकूण ४७ हजारांच्या आसपासच बनली, पण आतून ती कधी एकटी नव्हती. आपल्या भाषेत सांगायचं तर यूआय एकदम झकास आणि मागे चांगली तपासलेली, सगळ्यांना माहीत असलेली लायब्ररी. कस्टम काहीही नाही. असाच कोड वीस वर्षं टिकतो, हे प्रॉडक्शन सपोर्टला रात्री जागलेला कुणीही सांगेल.

गोव्यात सॅन मोटर्सने १९९० च्या दशकाच्या शेवटी सॅन स्टॉर्म नावाची दोन आसनी उघडी गाडी काढली होती, आठवते? फायबरची बॉडी, रेनॉचं छोटं इंजिन. दिसायला गोड होती. पण तेव्हा रेनॉ स्वतः आपल्याकडे गाड्या विकतच नव्हती. म्हणजे इंजिनाला इथे भावंडंच नाहीत. अशी गाडी ठेवायची म्हणजे अनाथ मूल सांभाळायचं.

गॉर्डनकडे परत. या माणसाचं गुपित काय होतं माहितीये? मालकाच्या पुस्तिकेत लिहिलेलं करायचा. संपलं. मॅन्युअल वाचणारा युजर! आहे का तुमच्या पाहण्यात? दर तीन-साडेतीन हजार मैलांना ऑइल बदलायचा, भाग कंपनीचेच घालायचा, आणि आवाज बदलला की लगेच बघायचा. तीस लाख मैलांचा हिशेब केला तर ऑइल बदललं साडेआठशेच्या वर वेळा. इंजिन पहिल्यांदा पूर्ण उघडलं ते ६ लाख ८० हजार मैलांना. म्हणजे सुमारे ११ लाख किमी. आपल्याकडे लाखभर किमी झालेली गाडी घेताना आपण तोंड वाकडं करतो.

अजून एक गंमत म्हणून गणित. मैलाला इंजिनाचे अंदाजे अडीच-तीन हजार फेरे धरले तर तीस लाख मैलांत त्या क्रँकशाफ्टने ७५० ते ९०० कोटी गिरक्या घेतल्या. पृथ्वीवरची माणसं मोजली तर माणशी एक गिरकी.

इथे एक आक्षेप येणार हे मला माहीत आहे. 'अरे, पण ती खरी स्पोर्ट्स कार आहे का?' ११०० किलोच्या आसपास वजन, जास्तीत जास्त वेग ताशी १७५ किमी वगैरे, शर्यतीत नाव काढण्यासारखं फारसं काही नाही. शुद्धतावादी तिला लांब प्रवासाची देखणी गाडी म्हणतील, आणि व्याख्येने ते बरोबरही आहेत. पण व्याख्येवर मी वाद घालत बसणार नाही. दोन दरवाजे, लांब नाक, चार गिअर आणि वर ओव्हरड्राइव्ह, जमिनीला टेकल्यासारखं बसणं, आणि रोज सकाळी शाळेत जाताना शंभर किमी मोकळा रस्ता. त्या माणसाला यात मजा येत होती आणि ती ४७ वर्षं आटली नाही. जिला आपण खरी स्पोर्ट्स कार म्हणतो ती घेऊन इतकी मजा लुटलेला दुसरा कुणी दाखवा, मग बोलू.

हलकी, खरोखर वळणांसाठी केलेली आणि तरीही ठेवता येण्यासारखी गाडी पाहिजेच असेल तर माझा दुसरा नंबर माझदाच्या एमएक्स-५ ला. १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात आली. त्या मेलेल्या इंग्लिश उघड्या गाड्यांची मजा घेऊन, फक्त सकाळी सुरू होणारी. :) २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी बाहेर पडली. पहिल्या पिढीच्या जुन्या गाड्या कंपनी स्वतः नव्यासारख्या करून देईल, अशी योजनाही माझदाने २०१७ मध्ये जपानमध्ये जाहीर केली, आणि त्यासाठी छपरापासून टायरपर्यंतचे भाग पुन्हा बनवायला घेतले. भारतात ती अधिकृतपणे आली नाही, हे आपलं दुर्दैव. तशीही आपल्याकडे खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची, नंतर पाच-पाच वर्षांनी आरटीओची वारी. गॉर्डनला इथे निदान सहा-सात वाऱ्या झाल्या असत्या.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त गंमत वाटली ती तीन आकड्यांची. गॉर्डनचे पहिले दहा लाख मैल १९८७ मध्ये पूर्ण झाले, म्हणजे २१ वर्षांत. दुसरे दहा लाख २००२ मध्ये, १५ वर्षांत. तिसरे सप्टेंबर २०१३ मध्ये अलास्काच्या रस्त्यावर, ११ वर्षांत. गाडी म्हातारी होत गेली तसा तिचा वापर वाढत गेला! आपलं नेमकं उलटं असतं. नवी गाडी आली की पहिला महिना लोणावळा, महाबळेश्वर, ताम्हिणी, आणि हप्ते फिटेपर्यंत फक्त ऑफिस नि डी-मार्ट. सरासरी काढली तर ४७ वर्षं, सणवार धरून, दिवसाला २८० किमी पडतात. म्हणजे जवळजवळ रोज मुंबई-पुणे-मुंबई.

१९९८ मध्येच गिनेस बुकाने एका मालकाच्या हातून सर्वाधिक चाललेली खासगी गाडी म्हणून तिची नोंद केली होती, तेव्हा आकडा १६.९ लाख मैलांचा होता. व्हॉल्वोने त्याला मधल्या काळात नव्या गाड्याही भेट दिल्या. पण तो फिरायचा लालवरच. गाडी विकणार का असं विचारलं की मैलामागे एक डॉलर सांगायचा. आणि पुढच्या आठवड्यात फिरून आला की किंमत वाढलेली!

गॉर्डन नोव्हेंबर २०१८ मध्ये गेला, ७८ वर्षांचा असताना, चीनच्या दौऱ्यावर. तेव्हा गाडीचं रनिंग ३२ लाख मैलांच्या वर होतं.